मॅडमची डबा सेवा (दिल्ली)

तीन फुटांवर बसलेल्या माणसाला घंटी वाजवून बोलावणारी बाई मी आयुष्यात एकच पाहिली. त्या माझ्या मॅडम. मुनिरकात दुसऱ्या मजल्यावर एक खोली, खोलीत दोन टेबलं, एका टेबलाशी त्या, दुसऱ्याशी मी. तिसरं माणूस नाही. तरी माझ्याशी बोलायचं असलं की त्या टेबलावरची पितळी घंटी वाजवायच्या, मी "जी मॅडम" म्हणेपर्यंत कागदात डोकं घालून बसायच्या, आणि मग मी लांबलचक कॉरिडॉर ओलांडून आलोय अशा थाटात म्हणायच्या, "हां, या. बसा." मी बसलेलाच असायचो.

ही आमची स्टार्टअप कंपनी. हसू नका. म्हणजे हसा, मीही हसायचो, पण त्या समोर नसताना. केंद्र सरकारात चौतीस वर्षं काढून, असिस्टंटपासून चढत चढत अवर सचिव होऊन त्या रिटायर झाल्या होत्या. दिल्लीतली मराठी माणसं रिटायर झाल्यावर काय करतात ते मला पाठ होतं. पुण्यात नाहीतर नागपुरात फ्लॅट घेऊन ठेवलेला असतो. क्वार्टर सोडायची मुदत आली की ट्रक बोलावतात. मॅडमनी ट्रक बोलावला तो लक्ष्मीबाई नगरातून मुनिरकात यायला. विद्यार्थी असताना ज्या गल्लीत राहिल्या त्याच गल्लीत त्यांनी दोन खोल्या घेतल्या. एकीत त्या राहायच्या, दुसरीवर 'कार्यालय' अशी पाटी लावली. खुर्चीवर पांढरा टॉवेल टाकला आणि जाहीर केलं की आपण जेवणाचं ॲप काढणार.

कल्पना तशी साधी होती. मुनिरकात मराठी मुलामुलींचा तोटा नाही. कुणी विद्यापीठात शिकतंय, कुणी परीक्षांच्या मागे लागलंय. दुसरीकडे सरकारी कॉलन्यांमधून हाताला चव असलेल्या मराठी बायका. मधे आमचं ॲप. सकाळी अकरापर्यंत मागणी नोंदवायची, एक वाजता डबा दारात. मॅडम परभणीहून दिल्लीला अभ्यासाला आल्या तेव्हा त्यांनी दोन वर्षं छोले-कुलच्यांवर काढली होती. छोल्यांचा वास आला की मला अजून इतिहासाचा पेपर आठवतो, असं त्या म्हणायच्या आणि नाकाला रुमाल लावायच्या.

आता गंमत बघा. या बाईंना स्वयंपाक येत नव्हता. अजिबात नाही. दूध तापवायला ठेवून त्या वर्तमानपत्र वाचायच्या आणि दूध गेलं की नवीन पिशवी आणायच्या. चौतीस वर्षं मंत्रालयाच्या कँटीनमध्ये जेवल्या होत्या. लग्न केलं नव्हतं. का केलं नाही असं मी एकदा आगाऊपणे विचारलं, तर म्हणाल्या, "फाइल आली होती माझ्याकडे. मीच शेरा मारून परत पाठवली." पुढे विचारायची माझी हिंमत झाली नाही.

मी त्यांच्याकडे कसा लागलो तेही सांगतो. गुडगावच्या कंपनीने एका शुक्रवारी आम्हा बावीस जणांना घरी बसवलं. मी लक्ष्मीबाई नगरात मावशीकडे राहत होतो. काका सरकारी नोकरीत. मी पुण्याला परत जावं की इथेच दुसरं काही बघावं, या विचारात गादीवर लोळत पडलेला असायचो. मॅडम आणि मावशी कॉलनीच्या महिला मंडळातल्या जुन्या ओळखीच्या. एक दिवस मॅडम आल्या, चहा प्यायल्या आणि पर्समधून टाइप केलेलं पत्र काढून मावशीच्या हातात दिलं. त्यात लिहिलं होतं की आपल्या भाच्याची सेवा आम्हाला एक वर्षाकरिता प्रतिनियुक्तीवर हवी असून आपली हरकत नसल्यास तसे प्रमाणपत्र द्यावे. मावशीने मला न विचारता सही केली. अशा रीतीने मावशीकडून मला उसनं घेतलं गेलं.

पहिल्याच दिवशी मला कळलं की इथे तोंडी काही चालत नाही. "तोंडी काही नाही, लेखी द्या," हे त्यांचं ब्रीद. ॲपचा रंग कोणता ठेवायचा यावर मी फाइल तयार केली. निळा प्रस्तावित, कारणे खालीलप्रमाणे. ती फाइल मी उचलून तीन फुटांवर ठेवायची, त्यांनी वाचून 'चर्चा करा' असं लिहून परत द्यायची, मग घंटी, मग चर्चा. लिहायच्या त्या हिरव्या शाईने. सरकारात हिरवी शाई वरच्या साहेबांची. अवर सचिवाला निळ्या-काळ्यावरच भागवावं लागतं. निरोप समारंभाचा हार काढला आणि त्याच संध्याकाळी जाऊन मी हिरव्या शाईची बाटली आणली, असं त्या लहान मुलीच्या आनंदाने सांगायच्या.

ॲपचं नाव 'डबा सेवा (दिल्ली)'. मी त्यांना चार चटकदार नावं सुचवली होती. त्यांनी विचारलं, यातल्या कुठल्या नावावरून पोळी मिळेल असं वाटतं? आणि कंसात दिल्ली का, तर उद्या दुसऱ्या शहरात शाखा निघाली की गोंधळ नको. 'ऑर्डर' या बटणाचं 'मागणी नोंदवा' झालं. मागणी रद्द करायची तर 'सबळ कारण नमूद करावे'. तारे द्यायची पद्धत त्यांना पोरकट वाटली. त्याऐवजी आम्ही 'उत्तम', 'समाधानकारक' आणि 'सुधारणेस वाव' असे तीन शेरे ठेवले. डबे पोचवायला मंत्रालयातून रिटायर झालेले दोन डिस्पॅच रायडर स्कूटरवर. जन्मभर टपाल पोचवलेली माणसं, त्यामुळे डबा दिला की ते वहीवर सही घेतल्याशिवाय दारातून हलत नसत. मुनिरकातली पोरं बनियनवर येऊन 'डबा एक नग प्राप्त' असं लिहून सही करायची. पोरांना ते इतकं आवडलं की काही जण खाली शिक्काही मारायला लागले.

नोएडात एकदा नव्या उद्योगांचं संमेलन होतं. तिथे एका चुणचुणीत पोराने मॅडमना विचारलं की तुमचा एक्झिट प्लॅन काय, म्हणजे कंपनी विकून बाहेर कधी पडणार. मॅडम शांतपणे म्हणाल्या, "माझी एक्झिट झाली बेटा, साठाव्या वर्षी. हार, नारळ आणि घड्याळ मिळालं." तो पोरगा आम्हाला पैसे देणार होता म्हणे. दिले नाहीत.

आता ॲप सुरू झालं त्या दिवसाबद्दल सांगायलाच हवं, कारण अशी चूक दिल्लीतल्या सरकारी मराठी माणसाखेरीज कुणीही केली नसती. मॅडमनी पहिल्याच आठवड्यात हुकूम काढला होता की स्वयंपाक करणाऱ्या बायकाही कर्मचारीच, त्यांना सगळ्या सरकारी सुट्ट्या मिळाल्या पाहिजेत. मी वर्षाची यादी ॲपमध्ये टाकली. सुट्टीच्या दिवशी ॲप आपोआप बंद. उद्घाटनाचा दिवस त्यांनी मनापासून निवडला, चौदा एप्रिल. जयंतीच्या दिवशी आपल्या हातून चांगलं काम सुरू व्हावं ही त्यांची फार दिवसांची इच्छा होती. आता ही सुट्टी वार्षिक यादीत नसते, तिचं वेगळं पत्रक निघतं. आठ दिवस आधी ते पत्रक निघालं. मॅडम ते घेऊन आल्या, घंटी वाजवली, हिरव्या शाईने 'तत्काळ समाविष्ट करावे' लिहून माझ्या टेबलावर ठेवलं. मीही तत्काळ समाविष्ट केलं. दोघांनाही, शपथेवर सांगतो, काही म्हणजे काही खटकलं नाही.

चौदा तारखेला आठ घरांत पहाटेपासून स्वयंपाक. मॅडम नव्या पांढऱ्या साडीत. सकाळी मुलांनी ॲप उघडलं तर पडद्यावर आलं, 'आज कार्यालय बंद आहे. कृपया पुढील कामकाजाच्या दिवशी संपर्क साधावा.' मी यार असा घामाघूम झालो की विचारू नका. ते कुलूप मीच इतकं पक्कं बनवलं होतं की ते उघडायला मलाच दुपार झाली असती. मॅडमनी दोन मिनिटं पडद्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, "नियम बरोबर आहे. तारीखही बरोबर आहे. चलो, डबे उचला." ते सगळं जेवण आम्ही दोन्ही स्कूटरींवर आणि एका ई-रिक्षात घालून विद्यापीठातल्या मुलांच्या जयंतीच्या कार्यक्रमात नेलं. दीडशे पोरं जेवली. दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्याकडे साठ मागण्या आल्या, आणि जाहिरातीवर एक कागदही खर्ची पडला नाही.

त्या दिवशी सगळ्यात आधी संपला तो सुनंदाताईंचा पाटवडी रस्सा. सुनंदाताई वर्ध्याकडच्या. नवरा एका केंद्रीय कार्यालयात ड्रायव्हर. त्याची बदली नागपूरला झाली. मुलगी मात्र इथे विद्यापीठात दुसऱ्या वर्षाला होती, तिला हॉस्टेल मिळालं नव्हतं. मायलेकींनी मुनिरकात एक खोली घेतली. दोन ठिकाणचा संसार नवऱ्याच्या पगारात बसत नव्हता. सुनंदाताईंनी हिशोब करून ठेवला होता की रोजचे पंधरा डबे गेले तर खोली टिकते, नाहीतर सत्र संपलं की मुलीचं नाव काढायचं आणि नागपूरची गाडी धरायची. हे त्यांनी मॅडमना पहिल्याच भेटीत सांगितलं होतं. मॅडम म्हणाल्या होत्या, तुम्ही कुठे जायचं नाही, पंधरा डबे माझ्याकडे लागले. मॅडम शब्द सहसा देत नसत, त्यामुळे दिलेल्या शब्दाचं त्यांना फार ओझं व्हायचं.

पहिल्या दोन महिन्यांत सुनंदाताईंचे डबे जात होते सहा, सात. फार तर आठ.

का, ते मला मॅडमच्या आधी कळलं होतं. ॲपवर आम्ही प्रत्येक स्वयंपाक करणारीचं पूर्ण नाव दिलं होतं. मुनिरकातली पोरं नाव बघत नव्हती, तिखट बघत होती. पण एव्हाना कॉलन्यांमधली घरं गिऱ्हाईक झाली होती, नवरा-बायको दोघं ऑफिसला जाणारी, आणि खरा धंदा तिथे होता. आठ जणींपैकी तिघींची आडनावं अशी होती की वाचल्यावर महाराष्ट्रातल्या माणसाला जे कळायचं ते कळतं. त्या तिघींकडे मागणी कमी. आमचं आडनाव असं आहे की कुणी दुसऱ्यांदा विचारत नाही, त्यामुळे मला आयुष्यात कधी याचा विचार करावा लागला नव्हता. मावशीच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं, ती आमच्याच ॲपवरून डबा मागवायची. तिने मला सांगितलं होतं, "ती पाटवडीवाली नको रे लावूस. आपल्या पद्धतीचं कुणी असेल तर बघ." आपल्या म्हणजे काय ते मला कळलं. मी "बरं" म्हटलं आणि दुसरं नाव लावून दिलं. हे मी मॅडमना सांगितलं नाही.

त्यांना ते सह्यांच्या वहीवरून समजलं. वहीत प्रत्येक डब्यापुढे तो करणारीचं नाव असायचं, आणि दर शनिवारी ती वही त्या पहिल्या पानापासून वाचायच्या. त्या शनिवारी घंटी वाजली नाही. त्या उठून माझ्या टेबलाशी आल्या, वही ठेवली, तीन नावांवर बोट ठेवलं आणि मला विचारलं की तुमच्या कधी लक्षात आलं. मी म्हटलं, महिना झाला. त्यांनी मान हलवली. रागावल्या नाहीत, आणि त्याने मला जास्तच लाज वाटली. मग त्या खिडकीशी उभ्या राहून स्वतःबद्दल बोलल्या. तरुणपणी एका मोठ्या परीक्षेला त्या तीनदा बसल्या होत्या. तिन्ही वेळा लेखीत वर, आणि मुलाखतीत तळाला. "पेपर तपासणाऱ्यांना माझं नाव दिसत नव्हतं," त्या म्हणाल्या. "मुलाखत घेणाऱ्यांच्या समोर ते लिहिलेलं होतं. एवढाच फरक होता हो." इतके महिने मी ज्या लेखी-लेखीची टर उडवत होतो तिच्या मागे काय होतं ते मला तेव्हा कळलं.

त्यांनी तिथल्या तिथे उपाय काढला. परीक्षेत उत्तरपत्रिकेवर असतो तसा नंबर. आठ जणींची नावं झाकायची, चिठ्ठ्या टाकून एक ते आठ नंबर द्यायचे. गिऱ्हाइकाने पदार्थ बघून मागवायचं, खायचं, शेरा द्यायचा. शेरा दिला की मग नाव उघडणार. निकाल लागल्यावर नाव बदलता येत नाही, असं त्या म्हणाल्या आणि इतक्या खूश झाल्या की घरमालक चौधरीजींना वर बोलावून त्यांनाही ती योजना समजावली. चौधरीजींना फारसं कळलं नसावं. ते "बिल्कुल ठीक" म्हणाले आणि पाण्याची मोटर बंद करायला गेले.

सुनंदाताईंना सात नंबर आला. महिन्याभरात सात नंबर सगळ्यांच्या पुढे. सातावरून वीस, वीसवरून एकतीस डबे. एकतीस झाले त्या दिवशी मॅडमनी मला बाजारातून पेढे आणायला लावले, आणि सुनंदाताईंच्या मुलीला बोलावून पुढच्या सत्राचा फॉर्म आमच्या टेबलावर बसवून भरून घेतला. प्रत्येक रकाना स्वतः तपासला. दोन ठिकाणी खाडाखोड होती म्हणून नवा फॉर्म आणायला लावला.

इथे थांबलो असतो तर गोष्ट छानच होती. पण मावशी राहिली.

पाटवडी आता आणखी दोघीही करायच्या. मावशीने एकदा सात नंबरची मागवली. खाल्ली. बोटं चाटली, मी बघितलं. 'उत्तम' दाबलं आणि नाव उघडलं. तिने चष्मा लावून नाव वाचलं, फोन पालथा ठेवला आणि मला म्हणाली, तू मला आधी सांगायला हवं होतंस. मी पाण्याचा ग्लास उचलून आत गेलो. तीन दिवस तिने काही मागवलं नाही. चौथ्या दिवशी सकाळी म्हणाली, "सात नंबरचं सांग रे." आणि मग रोज तेच. कॉलनीतही सगळीकडे सात नंबर, सात नंबर. हळदीकुंकवाला बायका सात नंबरच्या ठेच्याबद्दल बोलायच्या. नाव सगळ्यांना माहीत झालं होतं, पण घेत कुणी नव्हतं. मला वाटायचं, डबे जातायत ना, मग झालं तर.

एक दिवस एका रायडरला ताप आला आणि सुनंदाताई स्वतः डबे पोचवायला गेल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या कार्यालयात आल्या, पदराने कपाळ पुसलं आणि मॅडमसमोर बसल्या. लक्ष्मीबाई नगरात एका घरी गेले होते, त्या सांगू लागल्या. जिन्यात निवडुंगाच्या कुंड्या आहेत. एक बाई काठी टेकत दारात आल्या. सात नंबरकडून का, म्हणाल्या, ठेवा तिथे कट्ट्यावर. सुनंदाताईंनी डबा कट्ट्यावर ठेवला. बाईंनी आधीचा रिकामा डबाही कट्ट्यावरच ठेवला, हातात दिला नाही. पाटवडी फार छान असते हो तिची, असंही म्हणाल्या.

निवडुंगाच्या कुंड्यांना पाणी मी घालतो. मी खाली मान घालून बसलो. मॅडमनी एकदा माझ्याकडे बघितलं. त्यांना ते घर माहीतच होतं, तिथे बसूनच त्यांनी मला उसनं घेतलं होतं.

"मॅडम, माझं नाव वर लिहा," सुनंदाताई म्हणाल्या. "पूर्ण. खायच्या आधी दिसेल असं."

मॅडम एकदम कासावीस झाल्या. चौतीस वर्षं कुणाला न भ्यालेली बाई, पण त्या दिवशी घाबरलेली मी बघितली. त्यांनी परोपरीने समजावलं. मुलीचं सत्र आत्ताच सुरू झालंय, डबे पंधराच्या खाली गेले तर काय करणार, निदान परीक्षा होईपर्यंत थांबा. मी शब्द दिलाय तुम्हाला, हेही म्हणाल्या. सुनंदाताईंनी सगळं ऐकून घेतलं.

"तुम्ही झाकण घातलंत ते माझ्या भल्यासाठी, मला समजतं," त्या म्हणाल्या. "पण आता झाकणाखाली मी नाही. ते लोक बसलेत."

मॅडमनी हिरव्या शाईचं पेन बंद करून ठेवलं. मग मला म्हणाल्या, बदल करा. फाइल नाही, टिपण नाही. मी लगेच बदल केला. बाकीच्या दोघींनाही विचारलं. एक हो म्हणाली, एकीने नंबरच राहू दे म्हटलं. तिचा नंबर राहिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊ वाजल्यापासून आम्ही तिघं त्या पडद्यासमोर. सुनंदाताईंनी भाजीसुद्धा निवडायला घेतली नव्हती. दहाला सहा मागण्या. साडेदहाला अकरा. मी फोन काढला आणि माझ्याच नावावर एक डबा नोंदवायला लागलो, तर मॅडमनी माझ्या हातावर फटका मारला. खोटी हजेरी लावायची नाही, म्हणाल्या. त्या स्वतः खुर्चीवर एकदा बसत होत्या, एकदा उठत होत्या. टॉवेल घसरून खाली पडला तरी त्यांना पत्ता नव्हता. अकराला मागणी बंद झाली. अठरा.

एकतीसचे अठरा. तेरा घरं एका रात्रीत गेली होती. मॅडमचा चेहरा उतरला, मला शिव्या द्याव्याशा वाटत होत्या आणि कुणाला द्यायच्या ते कळत नव्हतं. सुनंदाताईंनी मात्र अठराही नावं मला सावकाश वाचून दाखवायला लावली. मग उठल्या, पिशवी उचलली.

"इतके दिवस एकतीस जण डबा खात होते," त्या म्हणाल्या. "आजपासून अठरा जण माझ्याकडे जेवतात. पंधराला खोली टिकते. तीन वर आहेत." आणि वांगी चिरायला गेल्या. जिन्यात त्या कुणाशी तरी हसून बोलल्याचं ऐकू आलं.

मावशी त्या अठरांत नव्हती. संध्याकाळी घरी गेलो तर तिने स्वतःच वांग्याची भाजी केली होती, दुखऱ्या गुडघ्याने उभं राहून. आम्ही तिघं जेवलो. काकांनी मीठ मागितलं. जेवता जेवता मावशी म्हणाली, नाव लिहिलंत म्हणे वर. मी हो म्हटलं. मग तिने ताट बाजूला सरकवलं.

"उद्या एक डबा सांग मला," ती म्हणाली.

एरवी मी "बरं" म्हटलं असतं. माझा तो स्वभावच. पण कालपासून माझ्या डोळ्यांसमोर तो कट्टा होता.

"कुणाकडून?" मी विचारलं.

"तुला माहितेय कुणाकडून."

"मला माहितेय. तू सांग."

काकांनी घास हातातच धरला. मावशी माझ्याकडे बघत राहिली. वाटलं, आता हिने मला घराबाहेर काढलं, उसनं दिलेलं कायमचंच देऊन टाकलं. तिने पदर सारखा केला, भिंतीकडे बघितलं, आणि हळू आवाजात सुनंदाताईंचं नाव घेतलं. आडनावासकट.

दुसऱ्या दिवशी एकोणीस झाले. मॅडमनी विचारलं, हा एकोणिसावा कोण. मी झालं ते सगळं सांगितलं, पहिल्यापासून, 'बरं' म्हणून दुसरं नाव लावून दिलं होतं तेसुद्धा. त्यांनी चष्मा काढून ठेवला आणि शेवटपर्यंत ऐकलं.

"मावशींनी नाव घेतलं, छान झालं," त्या म्हणाल्या. "पण तुम्ही विचारलंत ना, त्याने त्या तेरा घरांपायी काल रात्री गेलेली माझी झोप परत मिळाली."